नसलेला धाकटा

७ जानेवारी

भिंगरी,

फोनवर तू "हो" म्हणालास. तुझ्या फोनवरच्या "हो"चा मला चांगला अनुभव आहे. मागच्या वेळी "हो, येतो" म्हणालास. आम्ही दोघं स्टेशनवर ताटकळत उभे, आणि तू कुठल्या तरी तिसऱ्याच गावात नव्या नोकरीवर रुजू. म्हणून यापुढे फोन नाही. मला लेखी हवं.

काय लेखी हवं ते नीट वाच. भाऊजींनी आपल्या सायकलच्या दुकानाशेजारचा गाळा भाड्याने घेतलाय. एप्रिलपासून तू त्या गाळ्यात बसायचंस, पंक्चर, ब्रेक, सुटे भाग सगळं तुझ्याकडे. गाळ्याच्या मालकाला भाऊजींनी शब्द दिलाय की माझा मेहुणा येणार. वरची खोली तुझ्यासाठी रंगवायला काढली आहे. रंग मी ठरवला. फिकट हिरवा, तुला आवडतो तो.

आणि हे काय ऐकते मी? तुझ्या मुकादमाने तुला वेड्यांच्या डॉक्टरणीकडे पाठवलं? कशाला? तू लहानपणापासून असाच आहेस. एका जागी बसशील तर शपथ. पायाला भिंगरी असणं हा काही आजार नाही, नाहीतर मी तुझं नावच ते ठेवलं नसतं.

उलट टपाली "हो" लिहून पाठव.

ताई

ता. क. मी हिला म्हटलं, आधी त्याला विचार तरी. म्हणाली, विचारून कुणाचं भलं झालंय? — भाऊजी


१९ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. हिरवा छान आहे. गाळ्याचं लिहितोच, पण आधी डॉक्टरबाईंचं सांगतो, नाहीतर तू काळजीने अर्धी होशील आणि भाऊजींना पुरतं छळशील.

आमचं काम तुला माहीत आहे, लोकांचं सामान या घरातून त्या घरात न्यायचं. मोठं कपाट जिन्यावरून उतरवायला दोघं लागतात. खालचा उलटा चालतो, त्याला पायरी दिसत नाही, वरचा त्याला सांगत राहतो. हात भरून आले की दोघांपैकी कुणीही "ठेव" म्हणायचं आणि दोघांनी टेकवायचं. यात कसली लाज नसते. पण मी कधी "ठेव" म्हणत नाही. वाटतं, समोरचा म्हणेल हा काय गडी! मग बोटं सुटायला येतात, डोक्यात भणभण होते, आणि एकदम वाटतं की हे सगळंच नको.

त्या दिवशी असंच झालं. मी कपाट टेकवलं आणि चकार शब्द न बोलता जिना उतरून चालू पडलो. पार बस-स्थानकावर. जोडीदार वरच्या वळणावर कपाटामागे अडकून बोंबलतोय, खाली घरमालकीण बोंबलतेय. मुकादम शोधत आले आणि बाकावर माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "गाढवा, पळायचं तर पळ. पण निदान कपाट बाजूला करून पळ." मग थोड्या वेळाने म्हणाले, "कामाला चांगला आहेस. एका बाईंकडे जा. बायको गेल्यावर मी जात होतो." आता सांग, असं कुणी बोलल्यावर नाही कसं म्हणणार?

तर दर मंगळवारी संध्याकाळी मी तिथे जातो. दवाखाना म्हणावा तर औषधाचा वास नाही. एक दिवाण, दिवाणाच्या डोक्याशी एक खुर्ची, खिडकीत एक कुंडी, त्यातलं झाड अर्धं वाळलेलं. आपण दिवाणावर आडवं व्हायचं, बाई मागे खुर्चीत. म्हणजे न्हाव्याकडे असतं तसं, फक्त कात्री नाही. मी म्हटलं, "काय बोलू?" म्हणाल्या, "मनात येईल ते." मी म्हटलं, "त्यापेक्षा तुम्ही विचारा, मी सांगतो." तर म्हणाल्या, "मी विचारलं तर मला आवडेल तेच सांगाल, असं मला वाटतं." पहिल्याच दिवशी मानगूट धरली की नाही!

आणि मला अहो-जाहो करतात. आजवर मला "अहो" फक्त तिकीट तपासनिसाने म्हटलंय, तेही विनातिकीट धरल्यावर.

मी त्यांना सरळ विचारलं, एप्रिलला घरी जाऊ की नको? म्हणाल्या, "तुम्हाला काय वाटतं?" हे तर मीसुद्धा विचारू शकतो. त्यासाठी शिकायला कशाला हवं?

भाऊजींना सांग, गुडघा शेकत जा.

भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. मुकादम आहे, कपाट आहे, कुंडीसुद्धा आहे. "हो" कुठे आहे? पाठीमागच्या बाजूलाही बघितलं.

मला खरं सांग, ती बाई तुला माझ्याविरुद्ध काही शिकवत नाही ना? गप्प बसणाऱ्या बायका फार पोचलेल्या असतात. माझ्यासारखी बडबडी परवडली, पोटात काही राहत नाही.

रंगाचा पहिला हात झालाय. खोली छान दिसते. वर उजेड इतका येतो की सुई डोळे मिटून ओवता येईल. तुझ्यासाठी पडदे शिवायला घेतलेत. मापं घेऊन झाली, आता तू ये म्हणजे झालं.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

एक भानगड झालीय. तुला सांगतो, पण ओरडायचं नाही.

मागच्या महिन्यातल्या एका मंगळवारी मी दिवाणावर पडलो, आणि मागून बाई म्हणाल्या, "तुमच्या धाकट्या भावाचं काय झालं? गेल्या वेळी अर्धवट राहिलं होतं."

आपल्याला धाकटा भाऊ नाही, हे तुला सांगायला नको. पण बाई शिकलेल्या, वयाने मोठ्या, आणि आवाज इतका खात्रीचा की क्षणभर मलाच वाटलं, असेल बाबा. त्यांना तोंडावर "चुकलात" कसं म्हणायचं? मी म्हटलं, "बरा आहे."

झालं. आता "बरा आहे" म्हटल्यावर त्याला खायला-प्यायला घालणं आलं. मी त्याला बोटीवर कामाला लावला. पुढच्या मंगळवारी त्याला दाढी आली. त्याच्या पुढच्या मंगळवारी बाईंनी विचारलं, "त्याच्याशी तुमचं पटतं?" मी म्हटलं, "पटतं. पण त्याचं बरं आहे. तो ताईला तोंडावर नाही म्हणतो."

"कधी म्हणाला?"

"परवाच. ताईने घरी बोलावलं. तो म्हणाला, येत नाही, मला इथे आवडतं."

"मग ताई काय म्हणाल्या?"

आणि इथे माझी गाडी अडली. बोट सुचली होती, दाढी सुचली होती, ताई काय म्हणाली ते काही केल्या सुचेना. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि सरळ कानात गेलं. आडवं पडून रडू नये ताई, कानात जातं. मागे खुर्ची करकरली, म्हणजे बाई पुढे झुकल्या असाव्यात.

आता हे निस्तरायचं कसं? कुणाचा तरी खराखुरा धाकटा तिकडे असेल, आणि बाई त्याची काळजी माझ्याकडे करतायत. सांगितलं तर त्यांना वाईट वाटणार. न सांगितलं तर पुढच्या महिन्यात त्याचं लग्न करावं लागणार. सगळं टाकून निघून जावं असं वाटतं. परवा बस-स्थानकावर जाऊन आलो. नुसतं बघून.

धाकटा जे म्हणाला ते तू मनाला लावून घेऊ नकोस. ते तो म्हणाला.

भिंगरी


१ मार्च

भिंगरी,

वाचून आधी मी हसले. भाऊजींना वाचून दाखवलं, ते अजून हसतायत. दाढीचं ऐकून त्यांना ठसका लागला. मग मी शिवणाच्या मशीनवर बसले आणि माझं हसू थांबलं.

म्हणजे नसलेल्या माणसाच्या तोंडून तू मला नाही म्हणतोस. मी काय वाघीण आहे? मी तुझं काय घोडं मारलंय?

तू एवढासा होतास. आई गेली, आणि लोक म्हणाले, याला मामाकडे पाठवा, ही पोर काय सांभाळणार. मी शाळा सोडली आणि तुला ठेवून घेतलं. तेव्हा काय तुला विचारत बसायचं होतं, की बाळा, तुला काय वाटतं? तुला दूध हवं की नको, तू शाळेत जाशील की नाही, सगळं मीच ठरवलं, कारण दुसरं कुणी नव्हतं. आणि मला तरी कुणी विचारलं होतं का?

जाऊ दे. रडवू नकोस, उद्या गिऱ्हाईकाचं द्यायचंय.

त्या बाईला खरं सांगून टाक. नसलेल्या भावाला किती दिवस पोसशील? एप्रिल तोंडावर आलाय. मालक भाऊजींना रोज विचारतो. तुझा तो धाकटा काय म्हणतो ते मला कळलं. तू काय म्हणतोस?

आणि मी त्या बाईला फोनबिन काही केलेला नाही. कुणी काही म्हटलं तर विश्वास ठेवू नकोस.

ताई


२० मार्च

ताई,

सांगितलं.

त्या दिवशी मी आडवा झालोच नाही. दिवाणाच्या कडेवर बसलो, तोंड बाईंकडे करून. इतके दिवस आवाजच ऐकत होतो. समोरून पाहिलं तर बाई माझ्या समजुतीपेक्षा थकलेल्या वाटल्या. मी म्हटलं, "मला धाकटा भाऊ नाही."

"नाही?"

"नाही. मीच शेंडेफळ."

"मग बोट?"

"तुम्ही विचारलंत म्हणून."

बाई कानापर्यंत लाल झाल्या. चष्मा काढला, पुन्हा घातला. मला वाटलं, आता काहीतरी मोठ्ठं कारण सांगतील, मी मुद्दाम विचारलं होतं वगैरे. तर म्हणाल्या, "चूक माझी. दुसऱ्या कुणाचं मी तुमच्यावर घातलं. आणि तुम्ही ते तसंच अंगावर घेऊन इतके दिवस हिंडलात."

मी म्हटलं, "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

म्हणाल्या, "वाटलं वाईट. आत्ताही वाटतंय. पण बघा, मी इथेच बसलेय."

आणि ताई, तेव्हा मला राग आला. आधी नाही, तेव्हा! त्या "चूक माझी" म्हणाल्यावर. मी म्हटलं, मी कामावरून धावत येऊन इथे पडतो, पोटातलं ओकतो, आणि तुम्हाला मी कोण तेसुद्धा लक्षात राहत नाही? आवाज चढला. दारात अडलेल्या कपाटाशिवाय असा आवाज मी आजवर कुणावर चढवला नव्हता. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मला गप्पही केलं नाही आणि स्वतः रडायलाही लागल्या नाहीत. म्हणाल्या, "राग बरोबर आहे तुमचा." एवढंच.

मी वाट बघत होतो की आता म्हणतील, उद्यापासून येऊ नका. त्या म्हणाल्या, "पुढच्या मंगळवारी याल? हे मी खरंच विचारतेय. मला माहीत नाही."

ताई, मला आजवर पुष्कळ जणांनी विचारलंय, पण उत्तर आधीच खिशात घालून. त्या बाईंकडे ते नव्हतं. ते माझ्याकडे होतं. मी पण लगेच दिलं नाही. खिडकीकडे बघितलं, खरंच विचार केला, आणि मग म्हटलं, येईन. मग आम्ही दोघंही एकदम हसलो. बोटीवरच्या दाढीवाल्याला हसलो असणार, दुसरं काय.

आणि हो. जाताना म्हणाल्या, "अजून एक आजच सांगायला हवं. तुमच्या ताईंचा फोन आला होता." म्हणे तू म्हणालीस, त्याला घरी जायला सांगा, तो तुमचं ऐकेल. बाईंनी सांगितलं, तुमच्या भावाबद्दल त्यांना विचारल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. त्यावर तू म्हणालीस, बरं, निदान नीट जेवतो का तेवढं तरी सांगा. ताई, जेवतो मी. नीट जेवतो. हे मला विचारायचंस की.

आता तुझं लेखी.

मी एप्रिलला येत नाही. गाळ्यात बसणार नाही. मुकादम मला मोठी गाडी चालवायला शिकवतायत, आणि ते मला जमतंय. लोकांचं सामान जपून नव्या घरात पोचवायचं, हे काम मला आवडतं. मला वाटायचं, मला फक्त पळायलाच आवडतं. हे बाईंनी शिकवलेलं नाही. त्यांना काही विचारलं की त्या मलाच विचारतात. हे धाकट्याचंही नाही. हे मी म्हणतोय. भाऊजींचा शब्द गेला याचं मला वाईट वाटतंय. मालकाला मी स्वतः लिहितो.

आणि हिरवा मला आवडत नाही. तो तुला आवडतो.

यावर तू काय म्हणशील ते मला अजूनही सुचत नाही. या वेळी मी मनाने काही जुळवणारही नाही. तूच सांग.

भिंगरी


१४ एप्रिल

ताई,

तुझं पत्र नाही. फोन केला तर भाऊजी उचलतात आणि म्हणतात, "ती कामात आहे." मागून मशीनचा आवाज येतो. मला ऐकू यावं म्हणूनच जोरात चालवतेस.

पूर्वी असं झालं असतं तर मी आत्तापर्यंत "हो हो, येतो" लिहून टाकलं असतं आणि गाडीत बसून तिसरीकडेच उतरलो असतो. खोटं कशाला बोलू, मागच्या आठवड्यात तसं लिहिलंही होतं. फाडलं.

मंगळवारी बाईंसमोर हीच रड. मी म्हटलं, ताई तुटली. त्या म्हणाल्या, "तुटली की रागावली?" मी म्हटलं, माझ्यासाठी एकच आहे ते. म्हणाल्या, "माझ्यावर तुम्ही रागावलात, तेव्हा?" तेव्हा तर मी परत गेलो होतो.

तर मी "नाही" मागे घेत नाही. आणि तुलाही सोडत नाही. तू रागाव हवं तेवढं. मी याच पत्त्यावर आहे.

भिंगरी


२ मे

भिंगरी,

रागावले होते. तुझ्यावर नाही असं लिहिणार होते, पण कशाला, तुझ्यावरच. पडदे उसवून टाकले. भाऊजींशी अबोला धरला, त्यांनी काय केलं होतं देव जाणे. मालकाला तुझं पत्र मिळालं. तो भाऊजींना म्हणाला, "तुमचा मेहुणा निदान कळवतो तरी." गाळ्यात आता समोरच्यांची मुलगी येते. चाक असं सरळ करते की भाऊजी बघत बसतात.

तुझी ती बाई मला आवडली नाही. मी फोन केला होता, बरं. केला. जेवणाचं विचारलं तर म्हणाली, तेही सांगू शकत नाही. आणि वर मलाच म्हणते, "तुम्ही स्वतः कशा आहात?" मी फटकन फोन ठेवला. मग शिवताना, भांडी घासताना तेच डोक्यात. मला इतक्या वर्षांत कुणी विचारलं नाही याचा राग आला, की हिने विचारलं याचा, मला अजून कळलेलं नाही.

तुझं मार्चचं पत्र आलं तेव्हा वाटलं, याने मला टाकलं. मी वाढवलेला मला टाकतो. मग दुसरं आलं. रात्रंदिवस पळणारा पोरगा लिहितो, मी याच पत्त्यावर आहे. ते वाक्य मी भाऊजींना वाचून दाखवलं नाही. माझ्यापाशीच ठेवलं.

मशीन वरच्या खोलीत हलवलंय. उजेड फार चांगला आहे. मी इतकी वर्षं त्या अंधाऱ्या पडवीत का शिवत होते? कुणी सांगितलं होतं? कुणीच नाही. मीच बसले होते.

आता मी तुला काहीतरी विचारणार आहे, आणि मला याची सवय नाही, म्हणून हसू नकोस. मला तुझ्याकडे यावंसं वाटतं. तुझी खोली बघायची आहे, मुकादमांना बघायचं आहे. वीस तारखेची गाडी आहे. येऊ का? मला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नकोस.

ताई

ता. क. ही चार ओळी लिहून फाडत होती, परत लिहीत होती. शेवटी मी उरलेले कोरे कागद लपवून ठेवले. — भाऊजी


११ मे

ताई,

वीसला नको.

घाबरू नकोस, पुढे वाच. त्या आठवड्यात माझी मोठ्या गाडीची परीक्षा आहे. तू समोर असलीस की मी शहाणपणा दाखवायला जाईन आणि भिंत पाडीन. सत्तावीसला ये आणि हवी तितकी राहा. स्टेशनवर मी घ्यायला येतो.

मंगळवारी संध्याकाळी मी तासभर नसेन. तेव्हा काय करायचं ते तू ठरव. खोलीत एकच खाट आहे, ती तुझी, मी खाली झोपणार. तू म्हणशील, मी खाली झोपते. मी म्हणेन, नाही. मग आपण भांडू. मी तयारीत आहे.

भिंगरी